धून तीच, पण विलंबित

२०१४ च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा चित्रपटसंगीतावर जीव असणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा होता. २५ तारखेला ‘जुरासिक वर्ल्ड’चा ट्रेलर आला आणि तीनच दिवसांनी, २८ तारखेला, ‘स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स’चा ८८ सेकंदांचा टीझर. दोन्ही चित्रपट फार उशिरा येणारे सीक्वल. ‘जुरासिक पार्क’चा आधीचा भाग २००१ सालचा होता. ल्यूक, लेया आणि हान सोलो यांची गोष्ट तर १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’पाशीच थांबली होती, मधल्या काळात आलेले तीन चित्रपट त्यांच्या आधीच्या पिढीचे. दोन्ही मालिकांच्या मूळ धुना एकाच संगीतकाराच्या, जॉन विल्यम्सच्या. आणि तरी त्या एका आठवड्यात त्याच्या दोन धुनांना मिळालेली वागणूक एकमेकींच्या अगदी उलट होती.

१९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये ती मुख्य धून पूर्ण ऑर्केस्ट्रा घेऊन येते. समोर जिवंत डायनोसॉर उभा आहे, माणसं तोंड उघडं ठेवून बघताहेत आणि व्हायोलिनांची अख्खी फळी त्यांच्या वतीने भारावून गेली आहे. २०१४ च्या ट्रेलरमध्ये तीच धून एकट्या पियानोवर येते. सावकाश, एकेक सूर सुटा, दोन सुरांच्या मध्ये एवढी मोकळी जागा की ऐकणारा पुढचा सूर मनात आधीच म्हणून टाकतो. ‘स्टार वॉर्स’च्या टीझरमध्ये मात्र धून जवळजवळ शेवटपर्यंत येतच नाही. वाळवंट, धापा टाकणारा एक सैनिक, घरंगळत जाणारा गोल यंत्रमानव, बर्फाळ जंगलात पेटलेली लाल तलवार, आणि या सगळ्याखाली दबलेलं, काहीतरी लपवणारं संगीत. मग पडदा काळा होतो. आणि मिलेनियम फाल्कन हे जुनं यान गिरकी घेत आकाशात शिरतं, त्याच क्षणी १९७७ पासून जगाला पाठ असलेली ती तुतारी पूर्ण जोरात फुटते.

एकाने धून दिली, पण अंगावरचा सगळा साज उतरवून. दुसऱ्याने साजासकट दिली, पण शेवटच्या क्षणापर्यंत राखून. उशिरा आलेल्या सीक्वलच्या ट्रेलरमधली सगळी करामत मला याच दोन टोकांच्या मध्ये दिसते: ओळखीचं किती द्यायचं आणि कधी द्यायचं. ऐकायला हा साधा हिशेब वाटतो. खोलात शिरलं की कळतं, आपला कान आणि आपली स्मृती कशी चालते याचं एवढं नेमकं ज्ञान क्वचितच दुसऱ्या कुठल्या धंद्यात वापरलं जात असेल.

नव्या चित्रपटाच्या ट्रेलरला ओळख करून द्यायची असते. उशिरा आलेल्या सीक्वलच्या ट्रेलरला ओळख पटवायची असते, आणि ते फार अवघड काम आहे. मधल्या काळात सगळं बदललेलं असतं. हान सोलोचं काम करणारा हॅरिसन फोर्ड २०१४ मध्ये बहात्तर वर्षांचा होता. दिग्दर्शक बदलतात, कॅमेरे बदलतात, पडद्यावरच्या रंगांची तऱ्हा बदलते. चेहरा पाहिला की प्रेक्षकाला आधी त्या चेहऱ्यावरची वर्षं दिसतात. धुनेवर मात्र सुरकुती पडत नाही. म्हणून ओळख पटवायचं काम तिच्याकडे येतं. पण ती जशीच्या तशी वाजवली, तर जुनाच चित्रपट पुन्हा लागल्यासारखं वाटेल. ती तीच हवी, आणि तीच असूनही मधली वर्षं तिच्यात ऐकू यायला हवीत.

यात एक व्यावहारिक अडचणही आहे. चित्रपटाचं पार्श्वसंगीत सहसा अगदी शेवटी तयार होतं. संकलन पक्कं झाल्याशिवाय संगीतकाराला कुठला सूर कुठल्या सेकंदाला पडायला हवा हे सांगता येत नाही. ट्रेलर त्याच्या कितीतरी महिने आधी हवा असतो. त्यामुळे आपण ट्रेलरमध्ये जे ऐकतो ते बहुतेक वेळा चित्रपटाचं संगीत नसतंच. केवळ ट्रेलरसाठी संगीत बनवणाऱ्या कंपन्या आहेत. ‘इमिजिएट म्युझिक’ आणि ‘टू स्टेप्स फ्रॉम हेल’ ही त्यांतली मोठी नावं. त्यांच्या रचना जगभरातल्या कोट्यवधी लोकांच्या कानांवर गेल्या आहेत आणि त्या कोणाच्या, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. २००२ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या भागाच्या ट्रेलरसाठी ‘रिक्वीम फॉर अ ड्रीम’ या वेगळ्याच चित्रपटातली क्लिंट मॅन्सेलची रचना मोठ्या ऑर्केस्ट्रा आणि वृंदगायनासह नव्याने बांधली गेली. ती इतकी चिकटली की आज अनेकांना ती मूळची तिथलीच वाटते. सीक्वलची बाजू इथे भक्कम असते. नवं संगीत तयार नसलं तरी जुनी धून केव्हाचीच तयार असते, आणि ती प्रेक्षकाच्या डोक्यात साठवलेलीही असते.

मग ती संथ का करायची? त्यालाही एक इतिहास आहे. २०१० मध्ये ‘द सोशल नेटवर्क’चा ट्रेलर आला. फेसबुकच्या जन्माच्या त्या गोष्टीवर रेडिओहेड या ब्रिटिश बँडचं ‘क्रीप’ हे गाणं होतं, पण गात होता बेल्जियममधला ‘स्काला’ हा मुलींचा गायनवृंद, पियानोच्या साथीवर, हळुवार. मार्क वूलन यांच्या कंपनीने कापलेल्या त्या ट्रेलरनंतर ओळखीचं गाणं मंद करून, कोवळ्या आवाजात म्हणवून घ्यायची लाटच आली. त्यामागे पैशाचंही एक कारण आहे. गाजलेलं ध्वनिमुद्रण वापरायचं तर दोन परवानग्या लागतात: एक गीत-संगीताच्या हक्कांची आणि दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. नव्याने गाऊन घेतलं तर दुसरी लागत नाही. शिवाय आवाज, पियानो, ताल हे सगळं सुटं सुटं हाताशी येतं आणि संकलकाला हवं तिथे एकेक उचलता, थांबवता येतं. पण केवळ पैशासाठी केलेली गोष्ट इतकी वर्षं काळजाला भिडत राहत नाही. तिला भिडायला आपल्या आतच काहीतरी तयार असावं लागतं.

ते काय आहे, हा प्रश्न १८९० मध्ये ख्रिस्तियान फॉन एरेनफेल्स या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाने फार सुंदर रीतीने मांडला. धून म्हणजे तिच्यातल्या सुरांची बेरीज असेल, तर सगळेच्या सगळे सूर बदलल्यावर ती नाहीशी व्हायला हवी. पण तसं होत नाही. भजनी मंडळात पेटीवाला काळी एकमध्ये वाजवो की काळी पाचमध्ये, अभंग तोच राहतो. एकही सूर मूळच्या उंचीवर नाही, तरी कुणी गोंधळत नाही. म्हणजे आपण नुसते सूर लक्षात ठेवत नाही. आपण एका सुरापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर लक्षात ठेवतो, चढ-उताराची आकृती लक्षात ठेवतो. धून कुठल्याच एका सुरात नसते. ती त्यांच्या नात्यांत असते. विसाव्या शतकातलं गेस्टाल्ट मानसशास्त्र ज्या विचारातून उभं राहिलं, त्याच्या मुळाशी हे साधं निरीक्षण आहे, आणि मला ते आजही थक्क करतं.

या नात्यांना किती ताण सोसतो? १९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना डॉइश यांनी एक मजेदार प्रयोग केला. अमेरिकेत लहान पोरांनाही येणारी ‘यांकी डूडल’ ही धून त्यांनी घेतली, सूर तेच ठेवले, पण प्रत्येक सूर वाटेल त्या सप्तकात फेकला: एक मंद्रात, दुसरा तारात, तिसरा मध्यात. ऐकणाऱ्यांना ती ओळखता येईना. पण कोणती धून आहे हे आधी सांगितलं, की तेच लोक तिच्यामागे सहज चालू लागायचे. म्हणजे ओळखण्याचं अर्धं काम कानात होतं आणि उरलेलं अर्धं अपेक्षेत. वेगाचंही तसंच. सूर फार झरझर गेले तर धून ऐकू येत नाही, एक गुंता ऐकू येतो. रिचर्ड वॉरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे: एकेक सूर साधारण सव्वा सेकंदाच्या पलीकडे लांबला, की माणसांना पाठ असलेली धूनही जोडता येत नाही. सूर येत राहतात, त्यांच्यातली नाती तुटतात.

विलंबित आणि द्रुत या दोन्हींत ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. एका आवर्तनाच्या अवकाशात स्वर पसरला की तोच राग किती वेगळा बोलू लागतो, हे आपण ऐकलेलं असतं. ‘जुरासिक वर्ल्ड’चा तो पियानो त्या सव्वा सेकंदाच्या मर्यादेच्या अलीकडे, तिच्या दिशेने सरकत थांबतो. धून तुटत नाही, पण ती जोडायला आपल्याला थोडं काम करावं लागतं. त्या कामातच सगळा आनंद आहे.

याला मेंदूविज्ञानाचा आधारही आहे. मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात व्हॅलोरी सालिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या गटाने २०११ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. ज्यांच्या अंगावर संगीत ऐकताना खरोखर काटा येतो अशा माणसांना त्यांच्याच आवडीच्या रचना ऐकवल्या आणि त्या वेळी मेंदूत डोपामीन कुठे स्रवतं ते पाहिलं. काटा येण्याच्या क्षणी ते एका भागात स्रवत होतं. पण तो क्षण जवळ येतोय, हे कळताच, प्रत्यक्ष तो येण्याच्या आधीच, दुसऱ्या एका भागात ते स्रवू लागलेलं होतं. वाट पाहण्याचं सुख आणि मिळण्याचं सुख मेंदूत दोन वेगळ्या जागी घडतं. ‘स्टार वॉर्स’चा टीझर पुन्हा बघा. शेवटची काही सेकंदं वगळली तर तो अख्खा पहिल्या सुखावर बांधलेला आहे. आणि हे सुख अनोळखी धुनेवर इतक्या सहज मिळत नाही. काय येणार हे ठाऊक असल्याशिवाय वाट कशाची पाहणार? बत्तीस वर्षांचा विलंब इथे उणेपणा राहत नाही. तेवढी वर्षं ती धून माणसांच्या आत मुरलेली असते.

धून ओळखायला मात्र कधी कधी धुनेचीही गरज लागत नाही. १९९९ मध्ये ग्लेन शेलनबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकांना पाच लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले. तुकडे किती लांबीचे? २०० आणि १०० मिलिसेकंदांचे. सेकंदाच्या दहाव्या भागात एक पूर्ण सूरही मावत नाही, शब्द तर नाहीच. तरी यादीतलं कोणतं गाणं आहे, हे लोक निव्वळ अंदाजापेक्षा कितीतरी बरोबर सांगत होते. त्यांना ओळखू येत होता तो आवाजाचा पोत, म्हणजे त्या वाद्यांची, त्या स्टुडिओची, त्या ध्वनिमुद्रणाची त्वचा.

याचं उदाहरण म्हणजे ‘टॉप गन : मॅव्हरिक’. त्याचा ट्रेलर १८ जुलै २०१९ ला सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये दाखवला गेला, पहिल्या चित्रपटानंतर तेहतीस वर्षांनी. (पुढे करोनामुळे चित्रपट पुन्हा पुन्हा लांबत मे २०२२ मध्ये आला, म्हणजे ट्रेलरलाही जवळजवळ तीन वर्षं वाट पाहावी लागली.) मूळ चित्रपटातलं ‘टॉप गन अँथम’ हॅरॉल्ड फाल्टरमायर या म्यूनिकच्या संगीतकाराने बांधलं, त्यातली गिटार स्टीव्ह स्टीव्हन्सची, आणि १९८७ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्याची सुरुवात घंटेसारख्या सिंथेसायझरच्या ठोक्याने होते. तो ठोका पडला की धून सुरू व्हायच्या आधीच विमानवाहू जहाजाच्या डेकवरची वाफ डोळ्यांपुढे येते. १९८६ च्या सिंथेसायझरला त्याच्या काळाचा वास आहे, आणि ट्रेलर बांधणाऱ्यांना नेमका तोच हवा असतो. याच फाल्टरमायरची दुसरी धून, ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’मधली ‘ॲक्सल एफ’, १९८४ ची. त्या मालिकेचा चौथा भाग तिसऱ्यानंतर तीस वर्षांनी, २०२४ मध्ये आला, तेव्हा चित्रपटाच्या नावातच ‘ॲक्सल एफ’ होतं.

‘ब्लेड रनर २०४९’ची गोष्ट याहून नाजूक. १९८२ च्या मूळ चित्रपटाचं संगीत व्हँगेलिसने लंडनमधल्या आपल्या नेमो स्टुडिओत केलं, दृश्यं समोर चालू ठेवून, बरंचसं तिथल्या तिथे सुचेल तसं वाजवून. त्याचं आवडतं वाद्य होतं यामाहा सीएस-८०, साधारण शंभर किलो वजनाचा सिंथेसायझर. त्याच्या प्रत्येक पट्टीला बोटाचा दाब वेगवेगळा कळतो; सूर वाजत असताना बोट जरा दाबलं की तो फुगतो, उजळतो. त्यामुळे यंत्रातून निघणारा तो सूर श्वास घेतल्यासारखा वाटतो. माणूस कोण आणि यंत्र कोण, हे विचारणाऱ्या चित्रपटाला याहून योग्य वाद्य मिळालं नसतं. त्या संगीताची अधिकृत तबकडी १९९४ पर्यंत निघालीच नव्हती. म्हणजे बारा वर्षं ते मुख्यतः पडद्याशेजारी आणि चोरट्या प्रतींत जगलं. पस्तीस वर्षांनंतरच्या सीक्वलचा टीझर डिसेंबर २०१६ मध्ये आला, तेव्हा त्यात एखादी गुणगुणता येईल अशी ओळ लागलीच नाही. त्या जातीचा एक लांब, फुगत जाणारा सूर पुरेसा होता. चित्रपटाचं संगीत हान्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश यांनी केलं, आणि त्यांनीही सीएस-८० बाहेर काढला.

हिंदीत हा प्रश्न थोडा वेगळा पडतो, कारण आपल्याकडे धून बहुधा गळ्यातून येते, शब्दांसकट येते. २००७ च्या ‘भूलभुलैया’मधलं प्रीतमचं ‘मेरे ढोलना’ श्रेया घोषालच्या आवाजाशिवाय मनात उमटतच नाही. पंधरा वर्षांनी दुसऱ्या भागाचा टीझर आला, तेव्हा नायक, दिग्दर्शक, गोष्ट सगळं बदललं होतं. जुनं टिकलं होतं ते हे गाणं, आणि ते कानावर पडल्यावर वाड्यातल्या बंद खोलीबद्दल वेगळं काही सांगावं लागलं नाही.

पण मला सर्वांत जास्त चकित करतात ते ट्रेलर, जे मूळ चित्रपटात कधी वाजलंच नव्हतं असं गाणं घेतात आणि तरीही आठवण जागी करतात. ९ सप्टेंबर २०२१ ला ‘द मेट्रिक्स रिसरेक्शन्स’चा ट्रेलर आला, तिसऱ्या भागानंतर अठरा वर्षांनी. त्यावर जेफरसन एअरप्लेनचं १९६७ चं ‘व्हाइट रॅबिट’ होतं. १९९९ च्या पहिल्या चित्रपटात निओला संगणकाच्या पडद्यावर पांढऱ्या सशामागे जा असा संदेश येतो, आणि थोड्याच वेळात दारात आलेल्या मुलीच्या खांद्यावर ससा गोंदलेला दिसतो. ग्रेस स्लिकने लिहिलेलं हे गाणं लुईस कॅरलच्या ॲलिसवर बेतलेलं आहे, आणि त्यात माणसाला लहान-मोठं करणाऱ्या गोळ्यांचा उल्लेख आहे. ‘मेट्रिक्स’चं सगळं जग एका लाल आणि एका निळ्या गोळीवर उभं आहे. गाणं पहिल्या चित्रपटात नव्हतं, पण त्याचा ससा होता, त्याची गोळी होती. बावीस वर्षं जणू त्या गाण्याची जागा मोकळी ठेवलेली होती.

आणि त्याची बांधणी बघा. स्लिकने ते रचताना राव्हेलचं ‘बोलेरो’ डोळ्यांसमोर ठेवलं होतं. बोलेरोप्रमाणेच इथेही स्नेअर ड्रमचा एकच ठेका धरून ठेवलेला आहे, ध्रुवपद नाही, मागे वळणं नाही. अगदी दबक्या आवाजात सुरू होऊन गाणं एकाच चढणीने वर वर जातं आणि शिखरावर पोचताच संपतं. एकूण लांबी अडीच मिनिटांच्या आसपास. अमेरिकेत ट्रेलरही फार तर अडीच मिनिटांचा ठेवायचा पायंडा आहे. दबकी सुरुवात, सतत चढत जाणारा ताण, शिखरावर काळा पडदा: ट्रेलरचा हाच आराखडा एका गायिकेने साठच्या दशकात गाण्यासाठी आखून ठेवला होता.

निवड जुळत नाही तेव्हा काय होतं, तेही पाहायला हवं. ९ जुलै २०२४ ला ‘ग्लॅडिएटर २’चा ट्रेलर आला, पहिल्या चित्रपटानंतर चोवीस वर्षांनी, आणि त्यावर जे-झी आणि कान्ये वेस्ट यांचं २०११ चं ‘नो चर्च इन द वाइल्ड’ हे रॅप गाणं होतं. लोक संतापले. प्राचीन रोममध्ये रॅप कशाला, हा मुख्य आक्षेप. मला हा राग समजतो, पण त्याचं दिलेलं कारण पटत नाही. २००० च्या ‘ग्लॅडिएटर’मधलं जे संगीत आपल्याला अस्सल रोमन वाटतं, ते हान्स झिमर आणि लिसा जेरार्ड यांनी बनवलेलं आहे. जेरार्ड ऑस्ट्रेलियन, ती ज्या शब्दांत गाते ते जगातल्या कुठल्याच भाषेतले नाहीत. त्यातलं हुरहुर लावणारं सुषिर वाद्य म्हणजे आर्मेनियाचा दुदुक, वाजवणारे जिवान गास्पारियान. खऱ्या रोमन आखाड्यात काय वाजत असे, हे लिबियातल्या झ्लितेन इथे सापडलेल्या मोझेकवर दिसतं: लांब तुताऱ्या, गोल वळणाची शिंगं आणि पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन. तो ऑर्गन ट्रेलरमध्ये वाजला असता, तर कुणालाही रोम आठवलं नसतं. आणि २००० मध्ये पहिल्या चित्रपटाच्या टीव्हीवरच्या एका जाहिरातीत किड रॉकचं धडधडतं रॅप-रॉक गाणं होतं, ते आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. प्रेक्षक इतिहासाशी निष्ठा मागत नव्हते. त्यांना जेरार्डचा आवाज हवा होता, चोवीस वर्षांपूर्वी ज्या आवाजाच्या सोबतीने एका माणसाचा हात गव्हाच्या ओंब्यांवरून फिरला होता. ट्रेलरने त्यांना ओळखीचं काहीच दिलं नाही, राखूनही ठेवलं नाही. तो राग, माझ्या मते, त्याचा होता.

याच्या उलट टोकाला २१ मार्च २०२४ चा ‘बीटलज्यूस बीटलज्यूस’चा टीझर आहे, आणि आजवरच्या अशा टीझरांत मी तो सर्वांत वर ठेवीन. टिम बर्टनचा मूळ ‘बीटलज्यूस’ १९८८ चा. त्यातला जेवणाच्या टेबलाचा प्रसंग न पाहिलेला चित्रपटवेडा सापडणं कठीण. घरातलं भुतांचं जोडपं नव्या मालकांना घाबरवून हाकलू बघतं. पाहुण्यांच्या तोंडून अचानक हॅरी बेलाफोंटेचा आवाज यायला लागतो आणि सगळे आपल्या इच्छेविरुद्ध ‘डे-ओ’ म्हणत, नाचत सुटतात. शेवटी ताटातल्या कोळंब्यांचे हात होऊन ते त्यांच्या चेहऱ्यांवर झेपावतात. आणि पाहुणे? घाबरायचं सोडून खूश होतात.

छत्तीस वर्षांनी टीझरमध्ये तेच गाणं येतं, पण आता ते एक गायनवृंद गातो, अतिशय संथ, प्रार्थनेसारखं. चित्रपट बघितल्यावर कळतं की तो मुलांचा वृंद एका अंत्यविधीत गातोय. पहिल्यांदा ऐकताना हसू यावं की अंगावर शहारा यावा, हेच ठरवता येत नाही, आणि बर्टनच्या चित्रपटांचा गाभा नेमका तोच आहे. ही करामत इथेच संपली असती तरी पुरे होती. पण या गाण्याचा प्रवास त्याहून लांबचा आहे.

‘डे-ओ’ हे मुळात जमैकाच्या बंदरांवरचं श्रमगीत आहे. १८७० च्या सुमारास लोरेन्झो डाउ बेकर या अमेरिकी कप्तानाने जमैकातून केळी अमेरिकेला न्यायला सुरुवात केली आणि बघता बघता त्या बेटाच्या बंदरांचं जगणं केळ्यांभोवती फिरू लागलं. केळी उन्हात लवकर पिकतात, म्हणून जहाजं रात्री भरायची. पुरुष आणि बायका डोक्यावर घड घेऊन रात्रभर गोदी ते जहाज फेऱ्या घालत. पहाटे मोजदाद करणारा मुकादम येई, घडांना किती फण्या आहेत ते मोजी, तेव्हा कुठे मजुरी पक्की होई आणि घरी जाता येई. हे गाणं त्या शेवटच्या तासाचं आहे: उजाडलंय, मोजून घे, मला घरी जाऊ दे. एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, ही त्याची रचना. ओझं उचलणाऱ्या पावलांना ठेका मिळावा म्हणून. ते पहिल्यांदा कोणी म्हटलं, हे कुठे नोंदलेलं नाही. १९५२ मध्ये त्रिनिदादचा गायक एड्रिक कॉनर याने ते ध्वनिमुद्रित केलं, आणि १९५६ मध्ये अर्व्हिंग बर्गी आणि विल्यम ॲटवे यांनी घडवलेल्या रूपात बेलाफोंटेने ‘कॅलिप्सो’ या तबकडीवर. बेलाफोंटेचा जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. पण त्याच्या आईचं मूळ जमैकाचं होतं आणि बालपणाची काही वर्षं त्याने तिथेच काढली होती. तो मार्टिन ल्यूथर किंगच्या चळवळीत खांद्याला खांदा लावून उभा राहिला. गाण्यातली थकवा आणि उमेद यांची ती मिसळण तो ऐकीव माहितीवरून गात नव्हता.

म्हणून टीझरमधल्या त्या संथ लयीत मला नुसती शैली ऐकू येत नाही. बेलाफोंटेच्या ध्वनिमुद्रणात उत्साह पुढे आहे आणि थकवा मागे. बर्टनच्या १९८८ च्या प्रसंगात तर थकवा पूर्ण नाहीसा झाला होता. उरली होती ती निव्वळ धमाल. लय मंद करताच गाण्याच्या तळाशी बसलेलं पुन्हा वर येतं: रात्र संपत आली आहे आणि कुणालातरी घरी जायचंय. २०२४ च्या टीझरच्या मागे कोणी हा विचार केला होता का, ते महत्त्वाचं नाही. धून हळू केली की तिच्यात मुळापासून जे आहे तेच ऐकू येतं, आणि या धुनेत मुळापासून हे होतं. बेलाफोंटे २५ एप्रिल २०२३ ला गेला, वयाच्या ९६ व्या वर्षी, टीझर यायच्या अकरा महिने आधी.

ऐकायचं असेल तर माझ्या मते क्रम असा असावा: आधी कॉनरचं १९५२ चं ध्वनिमुद्रण, मग बेलाफोंटेचं १९५६ चं, मग बर्टनचा १९८८ चा जेवणाचा प्रसंग, आणि शेवटी टीझर, पण हेडफोन लावून आणि चित्र न बघता. चित्र नसलं की वृंदातल्या एका आवाजाची हाक आणि बाकीच्यांची साथ वेगळी काढता येते. गोदीवर ज्या कामासाठी ती बांधली होती, ते काम केव्हाच संपलंय, पण हाक कोणी द्यायची आणि साथ कोणी, हे अजून तसंच आहे.